दोन उत्तरध्रुवीय विमानतळ : अंतर आणि प्रवासाचा काळ

(इयत्ता सहावी व सातवीसाठी भूगोल आणि गणित ह्यांचा समवायी पाठ)

पाठाचा हेतू

अंतर, वेग आणि काळ ह्यांवरील उदाहरणे वरच्या प्राथमिक वर्गांतील विद्यार्थी नेहमी सोडवितात. अंतरास वेगाने भागले म्हणजे काळ मिळतो, ही रीत त्यांना तोंडपाठ असते. परंतु उदाहरणात दिलेले अंतर कोणत्या वाटेने मोजलेले आहे, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. नकाशावर फूटपट्टी ठेवून काढलेले अंतर, पृथ्वीच्या पाठीवरील खरे अंतर आणि प्रवाशाला प्रत्यक्ष तोडावी लागणारी वाट ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत. त्यांतील भेद विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास यावा, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. त्यासाठी पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडील दोन विमानतळ उदाहरणादाखल घेतले आहेत, कारण तेथे हा भेद जितका ठळक दिसतो तितका आपल्या नेहमीच्या परिचयाच्या प्रदेशांत दिसत नाही.

साहित्य : पृथ्वीगोल, जगाचा भिंतीवरील नकाशा, बारीक दोरा, फूटपट्टी, खडू. शाळेत पृथ्वीगोल नसल्यास मोठा चेंडू घ्यावा व त्यावर ध्रुव, विषुववृत्त आणि काही रेखावृत्ते काढून घ्यावीत.

प्रस्तावना

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, ह्या सूत्राप्रमाणे शिक्षकांनी आरंभी विद्यार्थ्यांच्या ओळखीचे एखादे उदाहरण घ्यावे. नदीकाठी एक गाव आहे. समोरच्या तीरावरील देऊळ गावातून स्पष्ट दिसते. तेथील घंटाही ऐकू येते. पूल मात्र बराच खाली आहे. आता प्रश्न विचारावा : "देऊळ गावापासून किती दूर आहे?" काही मुले म्हणतील, "अगदी जवळ." काही म्हणतील, "चांगले तासाभराच्या वाटेवर." दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त दोघांनी दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. हे मुलांच्या लक्षात आणून दिले म्हणजे पुढील पाठाची पूर्वतयारी झाली असे समजावे.

दोन ठिकाणांची ओळख

पहिले ठिकाण उत्कियाग्विक. अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या अगदी उत्तर टोकाजवळ, आर्क्टिक महासागराच्या काठी हे गाव वसले आहे. पूर्वी त्यास बॅरो म्हणत. तेथील रहिवाशांनी २०१६ साली कौल देऊन इनुपियाट लोकांच्या भाषेतील जुने नाव पुन्हा स्वीकारले. वस्ती सुमारे ५,००० आहे. उर्वरित अलास्काशी त्यास जोडणारी सडक नाही. माणसे विमानाने ये-जा करतात. जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर समुद्रमार्गे येते. विमानतळास वायली पोस्ट आणि विल रॉजर्स ह्यांचे नाव आहे. हे दोघे १५ ऑगस्ट १९३५ रोजी ह्याच परिसरात विमान कोसळून मृत्यू पावले. स्थान : सुमारे ७१.३ अंश उत्तर, १५६.८ अंश पश्चिम.

दुसरे ठिकाण लाँगयरबेन. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहातील हे मुख्य गाव होय. लाँगियर नावाच्या एका अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये येथे कोळशाची खाण सुरू केली, त्यावरून हे नाव पडले. वस्ती सुमारे २,५०० आहे. सध्याचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला म्हणजे जहाजे बंद पडत आणि गावाचा बाहेरच्या जगाशी नित्याचा संबंध तुटे. धावपट्टी बारमाही गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. सार्वजनिक प्रवासासाठी नियमित विमाने जातात अशा विमानतळांत हा जगातील सर्वांत उत्तरेकडील होय. स्थान : सुमारे ७८.२ अंश उत्तर, १५.५ अंश पूर्व.

स्वालबार्डशी भारताचाही संबंध आहे. लाँगयरबेनच्या वायव्येस सुमारे ११० किलोमीटरांवर नी-ओलेसुन येथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ साली सुरू झाले. त्याची व्यवस्था गोव्यात वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. तिकडे जाणारे भारतीय शास्त्रज्ञ लाँगयरबेनच्या विमानतळावर उतरतात व तेथून लहान विमानाने पुढे जातात.

पायरी पहिली : सोपे अंतर

प्रथम लाँगयरबेन आणि नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो ही जोडी घ्यावी. ट्रॉम्सो सुमारे ६९.७ अंश उत्तर, १८.९ अंश पूर्व येथे आहे. दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. रेखावृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

७८.२ − ६९.७ = ८.५ अंश
८.५ × १११ = ९४३.५ किलोमीटर

रेखांशांत थोडा फरक असल्यामुळे खरे अंतर किंचित अधिक, म्हणजे सुमारे ९६० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ह्याला १ तास १२ मिनिटे लागतील. विमान चढताना व उतरताना वेग कमी असतो, त्याबद्दल अर्धा तास धरावा. एकूण सुमारे पावणेदोन तास झाले. ह्या मार्गावर प्रत्यक्ष विमानालाही साधारण एवढाच वेळ लागतो. गणित आणि अनुभव येथे जुळले, ह्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे.

पायरी दुसरी : नकाशा फसवितो

आता उत्कियाग्विक ते लाँगयरबेन हे अंतर भिंतीवरील नकाशावर शोधण्यास सांगावे. एक ठिकाण नकाशाच्या डाव्या कडेजवळ, तर दुसरे मध्याच्या जरा उजवीकडे सापडेल. दोहोंच्या रेखांशांत सुमारे १७२ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावरील प्रमाण येथे लावल्यास १७२ × १११ म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटर येतात. हा पृथ्वीचा जवळजवळ अर्धा घेर झाला. विद्यार्थी हे उत्तर निःशंकपणे सांगतील. शिक्षकांनी ते लगेच खोडू नये; फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे.

पायरी तिसरी : दोरा आणि पृथ्वीगोल

पृथ्वीगोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. समजा ती १०० सेंटिमीटर भरली. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणून ह्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर झाले. आता दोऱ्याचे एक टोक उत्कियाग्विकवर व दुसरे लाँगयरबेनवर धरून तो ताठ ओढण्यास एका विद्यार्थ्यास सांगावे. दोरा नकाशावरच्याप्रमाणे पश्चिमेकडून पूर्वेकडे न जाता उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाईल. त्याची लांबी साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास भरेल.

८.५ × ४०० = ३,४०० किलोमीटर

कोपऱ्यातील १९,००० ह्या आकड्याशेजारी हा आकडा लिहावा. विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल; तेच ह्या पाठाचे मर्म आहे. ह्यानंतर कारण सांगावे. सर्व रेखावृत्ते ध्रुवापाशी एकत्र येतात. विषुववृत्तावर दोन रेखावृत्तांमधील एक अंश १११ किलोमीटरांचा असतो. उत्कियाग्विकच्या अक्षवृत्तावर तो सुमारे ३६ किलोमीटरांचा, तर लाँगयरबेनच्या अक्षवृत्तावर सुमारे २३ किलोमीटरांचाच उरतो. चौकोनी नकाशात मात्र रेखावृत्ते एकमेकींस समांतर काढलेली असतात. त्यामुळे उत्तरेकडील प्रदेश आडवे ताणले जातात आणि जो ध्रुव केवळ बिंदू आहे, तो सबंध कडेएवढा पसरतो. गोलावर ताठ ओढलेला दोरा ज्या वर्तुळावर पडतो त्यास बृहद्वृत्त म्हणतात. ह्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्यावर असतो आणि दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट त्याच्यावरूनच जाते.

पायरी चौथी : फळ्यावरील पडताळा

फळ्याच्या मध्यभागी उत्तर ध्रुवाचा बिंदू काढावा. १ सेंटिमीटर म्हणजे १ अंश हे प्रमाण घ्यावे. उत्कियाग्विक ध्रुवापासून ९० − ७१.३ = १८.७ अंशांवर आहे. म्हणून ते बिंदूखाली १८.७ सेंटिमीटरांवर दाखवावे. लाँगयरबेन ९० − ७८.२ = ११.८ अंशांवर आहे. ते जवळजवळ विरुद्ध बाजूस, वर ११.८ सेंटिमीटरांवर दाखवावे.

१८.७ + ११.८ = ३०.५ अंश
३०.५ × १११ = ३,३८५.५ किलोमीटर

हे अंतर ठीक ध्रुवावरून जाणाऱ्या वाटेचे झाले. रेखांशांतील फरक पुरा १८० अंशांचा नसल्यामुळे सर्वांत जवळची वाट ध्रुवापासून सुमारे ११० किलोमीटर बाजूने जाते आणि थोडी कमी, म्हणजे सुमारे ३,३८० किलोमीटर भरते. येथे आणखी एक गोष्ट सांगावी. ह्या वाटेने निघालेले विमान प्रथम जवळजवळ सरळ उत्तरेकडे जाते आणि कोठेही वळण न घेता शेवटी दक्षिणेकडे जाऊ लागते. "दिशा बदलली, पण विमान वळले नाही, हे कसे?" हा प्रश्न विद्यार्थ्यांना दोऱ्याच्या साहाय्याने सोडवू द्यावा.

पायरी पाचवी : काळ आणि घड्याळ

३,३८० ÷ ८०० = सुमारे ४ तास १४ मिनिटे. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवून सुमारे पावणेपाच तास होतात.

उत्कियाग्विकचे घड्याळ लाँगयरबेनच्या घड्याळापेक्षा १० तास मागे असते. (मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधीस काही दिवस हा फरक ९ तासांचा होतो, कारण दोन्हीकडे घड्याळे पुढे-मागे करण्याचे दिवस निराळे आहेत.) उत्कियाग्विकहून सकाळी ८ वाजता विमान निघाले असे मानल्यास ते पोहोचेल तेव्हा तेथे दुपारचे पाऊण वाजलेले असतील, पण लाँगयरबेनला रात्रीचे पावणेअकरा झालेले असतील. उलट, लाँगयरबेनहून सकाळी ८ वाजता निघालेले विमान उत्कियाग्विकला त्याच तारखेच्या पहाटे पावणेतीन वाजता उतरेल! निघण्यापूर्वीच पोहोचलेल्या ह्या विमानाचे कोडे मुले आवडीने सोडवितात. स्थानिक वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा काळ काढता येत नाही, हे त्यांना आपोआप समजते.

पायरी सहावी : १९२८ चे उड्डाण

ही वाट केवळ कागदावरची नाही. १९२६ च्या मे महिन्यात आमुंडसेन, एल्सवर्थ व नोबिले ह्यांचे 'नॉर्गे' हे वायुयान नी-ओलेसुनहून निघून ध्रुवावरून अलास्कात गेले होते. त्यास सुमारे तीन दिवस लागले. पुढे १५ एप्रिल १९२८ रोजी ऑस्ट्रेलियाचे ह्यूबर्ट विल्किन्स व अमेरिकन वैमानिक कार्ल बेन आयेल्सन हे एक इंजिनाच्या लहान विमानातून पॉइंट बॅरोहून स्वालबार्डकडे निघाले. खाली गोठलेला समुद्र होता. त्या प्रदेशात चुंबकसूचीवर विसंबता येत नाही. म्हणून विल्किन्स ह्यांनी सूर्याच्या आधारे स्थान काढीत दिशा वारंवार बदलून दिली. २० तास २० मिनिटांत त्यांनी सुमारे ३,५४० किलोमीटर वाट कापली. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १७४ किलोमीटर होता.

पण प्रवास तेथे संपला नाही. वादळामुळे त्यांना एका निर्जन बेटावर बर्फात उतरावे लागले आणि पाच दिवस विमानातच काढावे लागले. वादळ शमल्यावरही बर्फात रुतलेले विमान हलेना. विल्किन्स खाली उतरून ते ढकलीत आणि विमान त्यांना मागे टाकून उडे. आयेल्सन पुन्हा परत येत. तिसऱ्या खेपेस दोघेही निघाले आणि थोड्याच वेळात ग्रीन हार्बर येथील बिनतारी केंद्रापाशी पोहोचले. उड्डाणाचा काळ एक दिवसाहून कमी. प्रवासाचा काळ सुमारे सहा दिवस. ह्या दोन आकड्यांमधील फरक विद्यार्थ्यांना स्वतः सांगू द्यावा.

पायरी सातवी : आजचा प्रवासी

आज वेगवान विमाने आहेत. तेव्हा आजचा प्रवासी पावणेपाच तासांत पोहोचत असेल, असे विद्यार्थी म्हणतील. परंतु ह्या दोन विमानतळांमध्ये नियमित विमान जात नाही. प्रवाशाला मोठ्या शहरांवरून फिरून जावे लागते. एक संभाव्य वाट अशी :

उत्कियाग्विक ते अँकरेज : १,१६० किलोमीटर
अँकरेज ते सिॲटल : २,३३० किलोमीटर
सिॲटल ते लंडन : ७,७०० किलोमीटर
लंडन ते ऑस्लो : १,२०० किलोमीटर
ऑस्लो ते लाँगयरबेन : २,०१० किलोमीटर
एकूण : १४,४०० किलोमीटर

सरळ वाटेच्या हे सव्वाचार पट झाले. ताशी ८०० किलोमीटर वेगाने १८ तास आणि पाच उड्डाणांचे प्रत्येकी अर्धा तास मिळवून साडेवीस तास होतात. विल्किन्स व आयेल्सन ह्यांना १९२८ साली लागले होते २० तास २० मिनिटे! विमानाचा वेग चौपटीहून अधिक वाढला आणि वाटही तितकीच लांबली. त्यामुळे विमानात बसण्याचा काळ होता तेथेच राहिला. शिवाय दर ठिकाणी पुढील विमानाची वाट पाहावी लागते ती निराळीच. ती धरता दीड दिवसाच्या आत हा प्रवास पुरा होणे कठीण.

असे का व्हावे? पृथ्वीगोलावर ही गावे शेजारी आहेत; पण उत्कियाग्विकचा रोगी मोठ्या उपचारासाठी अँकरेजला नेतात आणि लाँगयरबेनचा ट्रॉम्सोला. मोठे बाजार, मोठ्या कचेऱ्या, मोठी महाविद्यालये आपापल्या देशात दक्षिणेकडे आहेत. माणसांचे व्यवहार ज्या दिशेने चालतात त्या दिशेने वाटा पडतात. म्हणून अंतर पृथ्वीच्या आकारावर अवलंबून असते. प्रवासाचा काळ मात्र वेगाप्रमाणेच वाटेवर, हवामानावर व व्यवस्थेवर अवलंबून असतो. रोग्याच्या दृष्टीने नकाशावरील अंतरापेक्षा विमान केव्हा निघेल हेच अधिक मोलाचे होय.

उपयोजन

हा विचार शिक्षकांच्या स्वतःच्या कामातही येतो. शिक्षण हक्क अधिनियमाखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या बालकासाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीच्या बालकासाठी ३ किलोमीटर अंतराच्या आत शाळेची सोय सांगितली आहे. एखाद्या वाडीचे शाळेपासूनचे अंतर लिहिताना नकाशावरील सरळ रेघ मोजली आणि मध्ये ओढा असला, तर पावसाळ्यात पूल गाठण्यासाठी बालकाला घालावा लागणारा वळसा त्या आकड्यात दिसत नाही. शिक्षकांनी अशा वाटेने एकदा स्वतः चालून जावे, लागलेली मिनिटे नोंदवावीत, आणि मगच अंतर लिहावे. गैरहजेरीची काही कारणे त्या वाटेवरच सापडतील.

स्वाध्याय

१. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. गावाच्या नकाशावर तेच अंतर सरळ रेषेत काढा. दोहोंतील फरकाचे कारण लिहा.
२. ताशी १७४ किलोमीटर वेगाने ३,३८० किलोमीटर जाण्यास किती काळ लागेल? (उत्तर : सुमारे साडेएकोणीस तास.)
३. लाँगयरबेनहून दुपारी २ वाजता निघालेले विमान पावणेपाच तासांनी उत्कियाग्विकला उतरले, तर तेथे किती वाजलेले असतील? घड्याळांतील फरक १० तास धरावा. (उत्तर : सकाळचे पावणेनऊ.)
४. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को ही सर्वांत जवळची वाट शोधा. ती कोणत्या प्रदेशांवरून जाते, ते लिहा.

सूचना : हा पाठ दोन तासिकांत विभागावा. पहिल्या तासिकेत चौथ्या पायरीपर्यंत जावे. दोरा प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एकदा तरी द्यावा. शिक्षकांनीच मोजून दाखविल्यास पाठाचा अर्धा लाभ वाया जातो.